तडजोड पुरशीस

तडजोड पुरशीस म्हणजे तडजोडीचा कोर्टात द्यायचा लेखी कागद; दिसायला ती अगदी साधी. दोन-तीन पानं, वर दाव्याचा नंबर, खाली वादी-प्रतिवादींच्या सह्या, एखाद्या आजीचा निळा अंगठा आणि बाजूला वकिलांची सही. कृष्णा-पंचगंगेकाठच्या उसाच्या रानावरून शिरोळ तालुक्यातल्या भावाभावांत दावा लागतो, जयसिंगपूरच्या दिवाणी कोर्टात तारखांमागून तारखा पडतात, आणि एका सकाळी दोन्हीकडचे वकील मिळून हिला पुढं करतात.

तिची बोली ठरलेली: राजीखुशीनं, अक्कलहुशारीनं, कुणाच्या दबावाला बळी न पडता. पण खरा जीव त्यापुढच्या ओळीत असतो. पूर्वेकडचे वीस गुंठे वादीस, विहिरीचं पाणी आठ-आठ दिवसांच्या पाळीनं, बांधावरून ऊस काढायला गाडीवाट मोकळी. एवढ्यासाठी माणसं एकमेकांच्या लग्नाला गेलेली नसतात.

तोंडी शब्द तिला चालत नाही. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश २३, नियम ३ खाली ती येते. १९७६ च्या दुरुस्तीनं लेखी मजकूर आणि पक्षकारांची सही सक्तीची केली. न्यायाधीश मजकूर कबूल आहे का विचारतात, तिला निशाणी, म्हणजे कोर्टाच्या नोंदीतला क्रमांक, पडते आणि तिच्याच शब्दांत हुकूमनामा होतो. मग ती हट्टी होते. संमतीच्या हुकूमनाम्यावर अपील नाही. तडजोड बेकायदेशीर होती म्हणून तो रद्द करून मागणारा नवा दावाही लावता येत नाही. पुष्पादेवी भगत प्रकरणात २००६ साली सर्वोच्च न्यायालयानं वाट दाखवली ती एकच: ज्यानं तडजोड नोंदवली, त्याच कोर्टात परत जा आणि ती खरी नव्हती हे दाखवून द्या.

ती मोडते कधी? सही फसवून किंवा धाक घालून घेतली असेल तर. अज्ञान मुलाच्या वतीनं पालनकर्त्यानं कोर्टाची परवानगी न घेता हिस्सा सोडला असेल, तर ते मूल ती झुगारू शकतं. मला सर्वात जास्त काळजी वाटते ती बहिणींच्या सह्यांची. २००५ पासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हिस्सा आहे, आणि तिलाच ‘नुसती सही कर, बाकी आम्ही बघतो’ म्हणून सांगितलं जातं. मजकूर तिला वाचून दाखवल्याशिवाय तिचा हात कागदाला लावू नये. नंतर फसवणूक सिद्ध करायची म्हणजे पुरावा तिनंच गोळा करायचा, तोही सख्ख्या भावांविरुद्ध.

लोकअदालतीतला निवाडा आणखी कडक. त्याला आव्हान फक्त उच्च न्यायालयात रिटनं, तेही मोजक्या कारणांवर. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सर्किट बेंच सुरू झालं, त्यामुळं त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही.

आणि पैशाचा निकाल लागून गेल्यावर गावातच बसून मिटवलं तर? निकाल पुसला जात नाही. दिलेले पैसे कोर्टात नोंदवावे लागतात. घेणाऱ्यानं नोंदवले नाहीत तर देणाऱ्यानं तीस दिवसांत अर्ज करायचा, जोडीला पावती किंवा बँकेचा कागद ठेवायचा. ते राहिलं, तर दरखास्त, म्हणजे निकालाच्या अंमलबजावणीचा अर्ज, चालवणारं कोर्ट पंचांसमोर मोजून दिलेली रक्कम हिशेबातच धरत नाही, आणि दरखास्त लावायला समोरच्याकडं निकालापासून बारा वर्षं असतात.