फोटो काढणारा कुठे उभा होता?

एकच फोटो असतो. त्यात जे नव्हतं ते घालायचं, आणि बघणाऱ्याला ते पहिल्यापासून तिथंच होतं असं वाटलं पाहिजे. सांगलीत राहून मी हे काम करतो. कंपोझिटिंग म्हणतात याला. बरीचशी कामं बिल्डरांची असतात: रिकाम्या प्लॉटच्या फोटोत अजून न बांधलेली इमारत उभी करायची. इमारत असो, झाड असो, माणूस असो, सुरुवात एकाच चौकशीपासून होते. फोटो काढणारा कुठे उभा होता, कॅमेरा किती उंचीवर होता, कुठे कलला होता, लेन्स कुठली होती? कॉम्प्युटरमधला कॅमेरा नेमका त्या जागी, तसाच ठेवता आला की पुढचं जमतं. नाही तर रंग कितीही जुळवा, घातलेली वस्तू तरंगत राहते.

व्हिडिओ असला तर काम सोपं जातं. कॅमेरा चालतो तेव्हा जवळच्या वस्तू भरभर सरकतात, लांबच्या हळू; त्या फरकावरून सॉफ्टवेअर कॅमेऱ्याची वाट काढतं. एकट्या फोटोत सरकणारं काहीच नसतं. तिथे भिंती, पायऱ्या, खांब यांच्या सरळ रेषांवरच सगळी भिस्त.

या कामाची गोडी मला लागली ती लिंबच्या विहिरीपायी. साताऱ्याच्या उत्तरेला, पुण्याच्या रस्त्यावरून फाट्याला आत वळलं की लिंब गाव लागतं आणि तिथे बारा मोटेची विहीर आहे. वीरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात ती बांधून घेतली. साधारण ११० फूट खोल, ५० फूट व्यास, काळ्या दगडाचं घडीव बांधकाम, आणि मधोमध खांबांवर नक्षी असलेला छोटा महाल. मोट म्हणजे बैलांनी ओढून विहिरीतलं पाणी वर काढायची चामड्याची पिशवी. नाव बारा मोटांचं, पण पंधरा मोटा चालतील अशी सोय आहे. आजूबाजूच्या आमराईला इथून पाणी जायचं.

त्या भागातले एक निवृत्त शिक्षक तळहाताएवढा कृष्णधवल फोटो घेऊन आले. विहिरीच्या काठावरून समोरची भिंत, महालाची बाजू आणि काठावरच्या दगडी पट्ट्या दिसत होत्या. फोटो त्यांच्या वडिलांनी, दादांनी, काढलेला. शाळेतल्या प्रदर्शनासाठी त्यांना या फोटोत मोट चालू दाखवायची होती.

“सर, नवा फोटो काढू या की. चांगला कॅमेरा घेऊन जाऊ,” मी म्हटलं.

“नवा नको. दादांनी काढलेलाच पाहिजे. पोरांनी मोट बघितलेली नाही, आणि दादांनी ती हाकलेली होती.”

मग दादा कुठे उभे होते ते शोधणं आलं.

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या चित्रकलेच्या परीक्षा ज्यांनी दिल्या आहेत त्यांना व्हॅनिशिंग पॉइंट आठवत असेल. एकमेकींना समांतर असलेल्या रेषा चित्रात लांब जाऊन एका बिंदूत मिळतात. दोन काटकोनी दिशांचे असे दोन बिंदू मिळाले आणि फोटोचा मध्य ठाऊक असला, तर कॅमेऱ्याचा कल आणि लेन्सचा कोन गणितानं निघतो. एफस्पाय नावाचं पेर गँटेलियस यांचं मोफत सॉफ्टवेअर हेच करतं. दगडांच्या थरांवर रेषा ओढायच्या, कुठली रेषा कुठल्या दिशेची ते सांगायचं, आणि निघालेला कॅमेरा ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये उघडायचा.

या विहिरीत मात्र एक मेख आहे. ती अष्टकोनी आहे. शेजारशेजारच्या दोन बाजू डोळ्यांना ठळक दिसतात, हात आपोआप तिकडेच जातो. पण त्यांच्यातला कोन १३५ अंशांचा, आणि सॉफ्टवेअर धरून चालतं ९०. त्या रेषा दिल्या तर भलतीच लेन्स निघते. अष्टकोनात एक बाजू सोडून पुढची बाजू घेतली तर बरोबर काटकोन मिळतो. म्हणून डावीकडच्या भिंतीचे थर एका दिशेला धरले, मधली बाजू सोडली, आणि तिच्या पलीकडच्या बाजूचे दुसऱ्या दिशेला. थरांचे दगड इतके नीट घडवलेले, की रेषांना एक केसभर सुद्धा ओढाताण करावी लागली नाही. तीनशे वर्षांपूर्वीच्या पाथरवटांचा ओळंबा आणि गुण्या आजही कामाला येतो, हे पाहून मला फार आनंद झाला.

लेन्स निघाली ५१ मिलिमीटरच्या आसपास. हा आकडा ३६ मिलिमीटर रुंद फिल्मसाठीचा. पण फोटो चौरस होता आणि त्याला चारही बाजूंनी सारखी पांढरी किनार होती, म्हणजे कापलेला नव्हता. चौरस फोटो देणाऱ्या मोठ्या फिल्मची चौकट सुमारे ५६ मिलिमीटरची. त्या हिशेबानं ५१ चे होतात ८०. याशिका किंवा रोलायफ्लेक्ससारख्या दोन भिंगांच्या कॅमेऱ्यांना साधारण एवढीच लेन्स असायची.

उंची मात्र एवढ्यानं कळत नाही. फोटो एकटा माप सांगत नाही. काड्यापेटीएवढं विहिरीचं मॉडेल करून त्याच कोनातून टिपलं तरी हेच चित्र येईल. एक तरी खरं माप लागतं. म्हणून सरांना घेऊन टेप लावायला लिंबला गेलो. फोटोत ओळखू येणाऱ्या एका दगडाची लांबी घेतली आणि तिच्यावरून स्केल बसवली. पलीकडच्या कमानीची रुंदी मुद्दाम वेगळी मोजून ठेवली, तपासण्यासाठी. कॉम्प्युटरमधल्या मॉडेलची कमान आणि टेपवरची कमान जुळली, तेव्हा कॅमेऱ्यावर भरवसा बसला.

मग उंची पाहिली. काठाच्या दगडापासून साडेतीन फूट. उभ्या माणसाच्या डोळ्याशी धरलेला कॅमेरा पाच फुटांच्या आसपास असतो. मी सरांना विचारलं, “दादा बसून फोटो काढायचे का?” सर थोडं थांबले आणि म्हणाले, “नाही हो. त्यांचा कॅमेरा गळ्यात असायचा. मान खाली घालून वरून बघायचे त्यात.”

दोन भिंगांचा कॅमेरा पोटाशीच धरतात. मॉडेलमध्ये कॅमेऱ्याची जागा कुठल्या दगडावर येते ते मी आधीच खुणेनं काढून नेलं होतं. सर त्या दगडावर जाऊन उभे राहिले. फोन पोटाशी धरून त्यांनी फोटो काढला, जुन्या फोटोशी ताडून पाहिला, आणि बराच वेळ ते तिथून हलले नाहीत.

मोट बसवताना गावातल्या एका वयस्कर शेतकऱ्यांची, आबांची, मदत झाली. मी केलेला नाडा, म्हणजे मोटेचा दोर, मधे जरा झोळ पडल्यासारखा दिसत होता. लॅपटॉपवर बघून आबा म्हणाले, “नाडा आसा लोंबत न्हाय. भरली मोट वर येती तवा ताठ आसतोय.” जाड नाडा वरच्या चाकावरून जातो, मोटेच्या सोंडेला बांधलेला बारीक दोर, सोंदूर, खालच्या कण्यावरून. मोट वर आली की सोंड पुढे ओढली जाते आणि पाणी थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या हौदात, पडतं. हे त्यांनी हातवारे करून दाखवलं, मी तसंच केलं.

मोट ओढणारे बैल धावेच्या उतारावरून खाली जातात, आणि उतारावरच्या रेषांचं गणित वेगळं. सपाट जमिनीवरच्या समांतर रेषा क्षितिजरेषेवर मिळतात; उतरत लांब जाणाऱ्या रेषा क्षितिजाच्या खाली मिळतात. कॅमेरा बरोबर बसला असेल तर हे सॉफ्टवेअर आपोआप सांभाळतं. तो बसलेला नसताना बैल नुसते चिकटवले असते, तर त्यांचे खूर कुठेच टेकले नसते. सावलीचीही दिशा काढून घेतली, महालाच्या खांबांच्या सावल्यांवरून. जुना कागद विटलेला, त्यात सगळ्यात काळी जागासुद्धा काळी राहिलेली नव्हती, तपकिरी-करडी झाली होती. मोटेचं चामडं त्याहून गडद ठेवलं असतं तर लगेच उठून दिसलं असतं. म्हणून कमानीतल्या सावलीपेक्षा काहीही गडद होऊ दिलं नाही, आणि शेवटी सगळ्यावर त्याच फोटोतल्या दाण्यासारखा दाणा चढवला.

लिंबच्या शिवाराजवळून वाहणारी कृष्णा नदी पुढे सांगलीत येते. इथे १९२९ साली खुला झालेला आयर्विन पूल आहे, आणि पावसाळ्यात सगळ्या शहराचं लक्ष पुलाजवळ पाणी किती फुटांवर आहे याकडे असतं. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. पुलाचे फूट वेगळे आणि आपल्या दारातले वेगळे. नव्यानं राहायला आलेल्याला ५७ म्हणजे किती ते कळत नाही. म्हणून नदीकाठच्या एका गल्लीतल्या मंडळानं मला सांगितलं, की गल्लीच्या फोटोवर तेव्हाचं पाणी दाखवा.

असे फोटो बरेच फिरतात. बहुतेकांत निळा पट्टा फोटोवर आडवा, एका सरळ रेषेत मारलेला असतो. ते बरोबर येतं एकाच वेळी: पाणी नेमकं कॅमेऱ्याच्या उंचीला असेल तर. त्या गल्लीत भिंतीवरची पुराची खूण आठ फुटांवर होती आणि फोटो पाच फुटांवरून काढलेला. म्हणजे फोटो काढणाऱ्याच्या डोक्यावरून पाणी गेलेलं. अशा वेळी पाण्याची रेघ जवळच्या भिंतीवर फोटोच्या वरच्या कडेपर्यंत चढते आणि लांब जाताना क्षितिजरेषेकडे खाली उतरत जाते. पाण्याचा पृष्ठभाग दिसतच नाही, दिसायला नकोच. आम्ही फक्त भिंतींवर रेघ दाखवली. दुकानांच्या पाट्यांवरून, विजेच्या मीटरवरून, पहिल्या मजल्याच्या गॅलरीखालून ती गेली. आडव्या निळ्या पट्ट्यानं एवढी धास्ती वाटली नसती.

इथे अडचण वेगळीच होती. फोटो आला व्हॉट्सअॅपवरून, एका बाजूनं कापलेला, लेन्सची माहिती पुसली गेलेली. कापल्यावर फोटोचा मध्य आणि लेन्सचा मध्य वेगळे होतात आणि सगळं गणित मध्यावर उभं असतं. तिसऱ्या दिशेच्या, म्हणजे उभ्या रेषाही मिळत असतील तर तीन बिंदूंचा त्रिकोण काढून त्याच्या लंबसंपात बिंदूवरून खरा मध्य परत मिळवता येतो. शाळेतल्या भूमितीतला तो बिंदू इथे भेटतो. पण फोन सरळ धरला होता, उभ्या रेषा उभ्याच राहिल्या, कुठे मिळाल्याच नाहीत. शेवटी ज्यांनी फोटो काढला त्यांच्या फोनमधून मूळ फाइल आणली तेव्हा काम झालं.

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत वाडे पडतायत, घाट खचतायत, जुनी दुकानं जाऊन कॉम्प्लेक्स येतायत. उद्या कुणाला ते पुन्हा उभं करून बघायचं असेल तर हातात बहुतेक एकच फोटो असेल. म्हणून वाचणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: जुन्या वास्तूचा फोटो काढलात तर मूळ फाइल न कापता जपून ठेवा, आणि दाराच्या चौकटीची उंची किंवा एका पायरीची रुंदी टेपनं मोजून फोटोसोबत लिहून ठेवा. घरातले जुने प्रिंट स्कॅन करताना पांढऱ्या किनारीसकट करा.