आखाड्यात फी नव्हती

बडोद्याच्या मराठी घरांबद्दल लिहायचं म्हटलं की आपण राजवाडा, गाणं, गणपती आणि सेव-उसळ इथवर येऊन थांबतो. पहाटे सतरंजी काखेत मारून निघणाऱ्या बायकांबद्दल कोणी लिहीत नाही. मी त्यातलीच एक, वीसेक वर्षं. आमच्या योगवर्गाला फी नाही, नाव नोंदवायचं नाही, कोणीही यावं. ऐकायला फार सोपं वाटतं, पण या 'कोणीही'वरून आमच्या मंडळात आणि माझ्या घरातसुद्धा काय काय झालं ते सांगते.

वर्ग सुरू केला तो रेल्वेतून रिटायर झालेल्या एका गृहस्थांनी. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. शिकवण्याची नोकरी त्यांनी कधी केली नव्हती, पण आवाज मास्तरांचा होता. लहानपणी ते दांडिया बाजारातल्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात जायचे. राजरत्न माणिकरावांना त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांत अजूनही एखादा म्हातारा भेटेल, ज्याचा निखळलेला खांदा किंवा मोडलेला हात त्या आखाड्यात बसवला गेला होता. आमच्या सासऱ्यांचा मनगटाचा किस्सा तर प्रत्येक लग्नकार्यात ऐकायला मिळायचा.

मास्तरांचे नियम आखाड्याचे. पैसे नाहीत, पण शिस्त आहे. सगळ्यांनी मिळून हॉल झाडायचा, जाजम अंथरायचं, शेवटी घडी घालायची. आखाड्याच्या हौद्यातली माती आधी स्वतः उकरायची आणि मगच कुस्ती, तसंच ते. एकदा एक नवीन बाई म्हणाल्या, "माझी कामवाली करून देईल." मास्तर म्हणाले, "तिला पण घेऊन या की, दोघी करा." ती कामवाली आली आणि टिकली. बाई आठ दिवसांत गळाल्या.

शिकवणं साधं. आधी बसून पवनमुक्तासन, मग ताडासन, पालथं झोपून भुजंगासन, मकरासन, शेवटी अनुलोम-विलोम. ज्याचे गुडघे गेलेत त्याला भिंतीशी खुर्ची. बीपीवाल्यांनी श्वास कोंडायचा नाही, कपालभातीच्या वेळी त्यांनी नुसतं बसायचं. टीव्हीवर बघून फटाफटा पोट मारणाऱ्यांना ते थांबवायचे. योगानं शुगर जाते असं कोणी म्हणालं तर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं, "गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय सोडायची नाही. मी रेल्वेतला माणूस आहे."

हे नुसतं त्यांचं डोकं नव्हतं. बडोद्याची परंपराच तशी आहे, आणि ती आपल्याच लोकांना माहीत नसते. लोणावळ्याचं कैवल्यधाम १९२४ साली काढणारे स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, जन्मले इथल्या डभोईला. १९०७ ते १९१० ते माणिकरावांच्या हाताखाली तयार झाले. मग नर्मदाकाठच्या मालसरला माधवदासजींकडे योग शिकले. उड्डियान आणि नौली करताना शरीरात नक्की काय होतं हे तपासायला त्यांनी पहिले प्रयोग केले ते बडोद्याच्या हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत, १९२०च्या सुमारास. आणि दत्तात्रेय चिंतामण मजुमदारांचा दहा खंडांचा मराठी 'व्यायाम ज्ञानकोश' निघाला तोही बडोद्यातूनच. सासऱ्यांच्या कपाटात त्याचे दोन खंड होते. एक माझ्याकडे आहे, दुसरा कोणीतरी वाचायला म्हणून नेला तो नेलाच.

तर वर्ग मंडळाच्या हॉलमध्ये भरायचा. पंचवीसेक जण, बहुतेक आपलेच. २०१५ साली पहिला २१ जूनचा योग दिवस झाला आणि माणसं वाढायला लागली. गुजराती बेनी आल्या, दोन सिंधी काका आले, युपीकडचं एक जोडपं आलं. मांडवीकडून शिवणकाम करणाऱ्या एक मुसलमान बाई आल्या. मशीनवर बसून कंबर धरायची, डॉक्टरांनी व्यायाम सांगितलेला. पहिल्या दिवशी त्यांनी मास्तरांना बाजूला घेऊन हळूच विचारलं, ओंकाराच्या वेळी मी गप्प बसले तर चालेल का? मास्तर म्हणाले, "गप्प कशाला? भ्रामरी करा. भुंगा करतो तसा आवाज, ओठ मिटून." दुसऱ्या दिवसापासून आमच्यातल्या तीन-चार जणींनी पण भ्रामरीच धरली, कारण ओंकाराला त्यांचा दम पुरत नव्हता.

साठच्या वर माणसं झाल्यावर कुरबुर सुरू झाली. हॉल आपला, वीजबिल आपलं, जाजम धुवायचा खर्च आपला, आणि आपल्याच बायकांना दाराशी जागा. हे अगदीच खोटं नव्हतं. खजिनदार दर महिन्याला पदरचे पैसे घालत होते हे मला ठाऊक होतं, कारण खजिनदार म्हणजे आमचे हे. पण बैठकीत बोलणं वीजबिलावरून सरकलं. कोणी म्हणालं, इथे आता मराठी कानावर पडत नाही. कोणी म्हणालं, मंडळ कशासाठी काढलं होतं? एकानं त्या शिवणकामवाल्या बाईंचं नाव न घेता, पण सगळ्यांना कळेल असं, काहीतरी म्हटलं. ते इथे लिहीत नाही.

मास्तर उठले. ते फार बोलले नाहीत. म्हणाले, "दांडिया बाजारात पाटीवर नाव कोणाचं आहे, वाचलंय का कोणी? माणिकराव एवढे मोठे झाले, राजरत्न झाले, पण आखाड्याला नाव ठेवलं उस्तादाचं. जुम्मादादा मुसलमान होते. त्या मातीत आपले आजे-पणजे लोळले, तेव्हा नाही बाटलं काही."

मतदान झालं. सभासदांना मोफत, बाहेरच्यांना महिना शंभर रुपये, असं ठरलं. आमच्या ह्यांनी बाजूनं हात वर केला. मास्तर म्हणाले, "मग मी पण बाहेरचाच," आणि सोमवारपासून वर्ग जवळच्या बागेत लिंबाखाली नेला. आमच्यातल्या अकरा जणी गेल्या. मी गेले. घरात आठ दिवस 'चहा ठेवलाय', 'दूध आलंय' एवढंच बोलणं. ह्यांचं अजूनही म्हणणं आहे की हिशेब बरोबर होता. हिशेब बरोबरच होता, पण मला लिंबाखालीच जायचं होतं.

बागेत कुत्री होती, डास होते, पावसाळ्यात तर वर्गच बंद. दोन वर्षांनी ऐन जुलैत मंडळाच्या सेक्रेटरींनी काही न बोलता हॉलची किल्ली मास्तरांच्या हातात ठेवली. ठराव नाही, मिनिट्स नाहीत. तेव्हापासून पावसाळ्यात हॉल, बाकी दिवस बाग. शंभर रुपयांचा ठराव वहीत अजून तसाच आहे, कोणी काढला नाही, कोणी वसूलही केला नाही.

मास्तर २०२१च्या एप्रिलमध्ये गेले. ते दिवस कसे होते सगळ्यांनाच माहीत आहे, पोचवायला दोघांच्या वर कोणी जाऊ शकलं नाही. वर्ग बंद पडला, असंच मी धरून चालले होते. दिवाळीनंतर नडियादकडच्या एका बेनचा फोन आला, "काकी, उद्या छ वागे आवजो, शतरंजी लेता आवजो." आता वर्ग त्या घेतात.

आणि गंमत ऐका. बेन घरी गुजराती, बाजारात गुजराती, आमच्याशी गप्पा पण गुजरातीतच. पण वर्गात सूचना मराठीत देतात! "पाय जुळवा. हात सावकाश वर. श्वास घ्या. सोडा. घाई नको." मास्तरांकडून जशा ऐकल्या तशाच. 'चला'तला च त्या चंद्रातल्या चसारखा म्हणतात आणि कोणी हसलं तर स्वतःच हसतात. सिंधी काकांना 'जुळवा' म्हणजे काय ते कळतं. शिवणकामवाल्या बाई नव्या माणसाला समजावतात, "सावकाश मतलब धीरे, बेटा." माझी नात इंग्रजी शाळेत जाते, मराठी वाचता येत नाही. सुट्टीत माझ्याबरोबर येते. तिला 'टाचा', 'पोटऱ्या', 'पालथं', 'उताणं' हे शब्द त्या बेनकडून कळले. घरात मी ते कधी उच्चारले असतील असं वाटत नाही. वाकून टाचा दाखवायची वेळ घरात कोणावर येते?

मागच्या महिन्यात एका दुकानदारानं विचारलं, सगळ्यांना टी-शर्ट देतो, फक्त मागे दुकानाचं नाव. बेननी नको म्हटलं. यावर मतं वेगळी आहेत, दोघी-तिघींना टी-शर्ट हवे होते आणि तो विषय अजून संपलेला नाही. आमच्या ह्यांनी गुडघ्यासाठी डॉक्टरांचा सल्ला घेतलाय. खुर्चीवरचे व्यायाम बागेत करता येतील का, असं परवा मला नाही, थेट बेनना विचारलं. त्या म्हणाल्या, "या ना, पण खुर्ची घरून आणा."

सध्या पाऊस आहे म्हणून वर्ग हॉलमध्ये. सकाळी ६ ते ७, रविवारी सुट्टी. बडोद्यात असाल तर या. रिकाम्या पोटी या, चहा चालेल. झाडू दाराच्या मागे आहे.