गुड न्यूज? इन प्रोसेस!

लग्नाला तीन वर्षं झाली की ‘जेवलीस का?’च्या आधी ‘गुड न्यूज कधी?’ हा प्रश्न येतो. उत्तर ‘पीसीओएस’ असेल तर काय सांगायचं? एका फौंड्रीवाल्या मुलीचा हा अनुभव...

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी क्वालिटीला आहे. सोप्या भाषेत, पार्ट पास की रिजेक्ट हे सांगायचा पगार मिळतो मला. कास्टिंग वरून कितीही चकाचक दिसलं तरी आत ब्लोहोल असू शकतं. मग त्यावर ऑइल लावायचं, अल्ट्रासॉनिकचा प्रोब फिरवायचा आणि स्क्रीनकडे डोळे लावून बसायचं. सहा वर्षं हेच करतेय. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी सोनोग्राफीच्या टेबलावर मी स्वतः आडवी झाले आणि पोटावर गार जेल पडलं, तेव्हा पहिला विचार काय आला असेल? चला, आज आपलं इन्स्पेक्शन!

हसू तिथंच संपलं. स्क्रीनवर छोटे छोटे काळे ठिपके दिसत होते. “दोन्ही ओव्हरीज पॉलिसिस्टिक आहेत,” मॅडम सहज म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. लिटरभर पाणी पिऊन तासभर ताटकळल्यावर हातात आलं एक पान. माझ्या कामात आतल्या पोकळीचा अर्थ एकच असतो. लाल टॅग.

तसं बघायला गेलं तर मला हे आधीच कळायला हवं होतं. शाळेपासून माझी पाळी कधी ४० दिवसांनी, कधी ६० दिवसांनी. मम्मी म्हणायची, “लग्न झालं की होतंय सगळं रेग्युलर.” आणि खरं सांगू? मला मज्जाच वाटायची. मैत्रिणी दर महिन्याला पोट धरून बसायच्या, माझी वर्षातून सात-आठ वेळाच कटकट. लकी गर्ल!

ती मज्जा लग्नानंतर दुसऱ्या वर्षी फिटली. आम्ही दोघांनी ‘आता बाळ हवं’ असं ठरवलं आणि मी मोबाइलवर एक ॲप घेतलं. ते बिचारं दर महिन्याच्या चौदाव्या दिवशी फूल दाखवायचं. आम्ही त्या फुलाच्या भरवशावर! तेव्हा मला साधं गणित माहीत नव्हतं. स्त्रीबीज बाहेर पडतं ते पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी. सायकल २८ दिवसांची असेल तर तो चौदावा दिवस. ४५ दिवसांची असेल तर एकतिसावा. आणि पीसीओएसमध्ये काही महिने ते बाहेर पडतच नाही. ॲपचं फूल आणि माझी ओव्हरी, दोघांची कधी भेटच नव्हती.

याहून वाईट होती ती आशा. पाळी नियमित असलेल्या बाईला दोन दिवस उशीर झाला तर तिला काहीतरी कळतं. मला दर वेळी वीस दिवस उशीर! म्हणजे दर वेळी वीस दिवस स्वप्नं. छाती दुखतेय, मळमळतंय, मटणाचा वास नको वाटतोय... सगळी लक्षणं हजर. मग कंपनीच्या लेडीज टॉयलेटमध्ये, बाहेर शेकआउटचा धडधडाट चालू असताना, गुपचूप किट. एक रेघ. तोंडावर पाणी मारायचं, सेफ्टी गॉगल चढवायचा आणि परत लाइनवर. गॉगलचा एक फायदा असतो, डोळे लाल का झाले हे कुणी विचारत नाही.

‘बारीक तर आहेस!’

पहिल्यांदा जिथं दाखवलं तिथं दोन मिनिटांत निकाल लागला. “बारीक तर आहेस, तुला कसला पीसीओएस? टेन्शन घेऊ नका, महाबळेश्वरला जाऊन या.” आम्ही गेलो. स्ट्रॉबेरी खाल्ली, फोटो काढले, आलो. त्या सल्ल्यात माझं एक वर्ष गेलं. नंतर कळलं की पाळी अनियमित असेल तर ‘वर्षभर वाट बघा’ हा नेहमीचा नियम लावायचा नसतो. लवकर दाखवायचं असतं.

दुसऱ्या डॉक्टरांनी मात्र कोरा कागद घेतला, पेन्सिलीने ओव्हरी काढली आणि म्हणाल्या, “पहिल्यांदा हे ‘सिस्ट’ डोक्यातून काढ. या गाठी नाहीत. ही अर्धवट वाढून थांबलेली फॉलिकल्स आहेत. बीज आहे, बाहेर पडत नाहीये.” १९३५ मध्ये शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी सात बायकांच्या केसेसवरून हा प्रकार मांडला, तेव्हापासून हे सिस्टचं बिरुद चिकटलंय. नाव दिशाभूल करतं, ते बदला, असं २०१२ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या एका समितीनेही सांगितलं होतं. नुसत्या सोनोग्राफीवरून निदानही होत नाही. २००३ मध्ये रॉटरडॅमला ठरलेल्या निकषांत तीन गोष्टी आहेत : अनियमित पाळी, पुरुषी हार्मोन जास्त असणं आणि ओव्हरीचं ते चित्र. तीनपैकी दोन हवीत, आणि थायरॉइडसारखी दुसरी कारणं आधी तपासायला हवीत. माझ्यात दोन निघाली.

“पण मी तर बारीक आहे,” मी वकिलासारखी बोलले. त्यावर त्यांनी पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा किस्सा सांगितला. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी? युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के! दिसायला बारीक, आतून जाड. आपली देशी बॉडी हा असा प्रकार आहे. अशा चरबीबरोबर इन्सुलिनचा रेझिस्टन्स येतो, जास्तीचं इन्सुलिन ओव्हरीला जास्त पुरुषी हार्मोन बनवायला लावतं आणि फॉलिकलची वाढ अर्ध्यावर अडकते. मग मला उपाशीपोटी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजलं गेलं. दोन तासांनी साखर बॉर्डरला निघाली. वय २९, वजन ५४ किलो. बारीक म्हणे!

घरी येऊन पहिला प्रश्न पडला, मीच का? तर तसंही नाही. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने मुंबईतल्या १५ ते २४ वयाच्या मुलींचा अभ्यास करून २०१४ मध्ये आकडे दिले होते. रॉटरडॅमच्या निकषांनी २२.५ टक्के, जरा कडक निकषांनी १०.७ टक्के. कडकवाला आकडा धरला तरी दहात एक. मी ऑफिसमध्ये एकीला भीतभीत सांगितलं, तर डिस्पॅचमधली तीच मला म्हणाली, “अगं, मला पण!” दोन वर्षं आम्ही एकाच टेबलावर डबा खात होतो. पिठल्यापासून इन्क्रिमेंटपर्यंत सगळं बोलत होतो. हे सोडून.

‘माझं काय चेक करायचंय?’

डॉक्टरांची एक अट होती. गोळ्या सुरू करण्याआधी नवऱ्याचीही टेस्ट. मूल न होण्याच्या जवळपास निम्म्या केसेसमध्ये पुरुषाचाही वाटा असतो, मग एकट्या बाईवर महिनोन् महिने उपचार कशाला?

नवरोबा तीन आठवडे टाळत होते. गोकुळ शिरगावच्या मशीनशॉपमध्ये मायक्रॉनमध्ये मापं घेणारा माणूस, पण इथं म्हणे, “प्रॉब्लेम सापडलाय ना तुझ्यात? माझं काय चेक करायचंय?” ते वाक्य त्याने रागाने म्हटलं नव्हतं. घाबरून म्हटलं होतं. पण लागायचं तिथं लागलं.

त्या रविवारी रंकाळ्यावर फिरता फिरता मी विचारलं, “जॉब रिजेक्ट झाला की आम्ही नुसता मोल्डिंगवाल्याला धरतो का रे? सँड बघतो, कोअर बघतो, मेटलचं टेंपरेचर बघतो. एक कारण सापडलं म्हणून बाकीचं चेकिंग सोडतो का?” तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, “आणि माझ्यात काय निघालं तर?” मी म्हटलं, “तर दोघं मिळून रडू. सध्या मी एकटीच रडतेय.”

मंगळवारी हाफ डे टाकून तो लॅबला गेला. रिपोर्ट नॉर्मल आला.

आता एक गोष्ट सांगते, जी मी त्यालाही बऱ्याच उशिरा सांगितली. रिपोर्ट वाचून मला आनंद झाला, पण मनाच्या एका कोपऱ्यात वाईटही वाटलं. त्याच्यात थोडं काहीतरी निघालं असतं तर बरं झालं असतं, असं वाटून गेलं. म्हणजे मी एकटीच रिजेक्ट ठरले नसते. किती घाणेरडा विचार! आठवडाभर स्वतःची लाज वाटत होती. डॉक्टरांना बोलले, तर त्या अजिबात दचकल्या नाहीत. पीसीओएसमध्ये चिंता आणि डिप्रेशनचं प्रमाण जास्त असतं, २०२३ च्या आंतरराष्ट्रीय गाइडलाइनमध्ये तर त्याची तपासणी करायलाच सांगितलंय, असं म्हणाल्या. समुपदेशकाकडे चार वेळा गेले. उपयोग झाला.

गोळी, मिलिमीटर आणि हाफ डे

मग आली लेट्रोझोल. पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून पाच दिवस. रात्री गुगल केलं आणि हातपाय गार पडले. ही तर ब्रेस्ट कॅन्सरची गोळी! शिवाय भारतात २०११ मध्ये वंध्यत्वासाठी तिच्यावर बंदी घातली होती, ती २०१७ मध्ये उठली. रात्री दोन वाजता एवढंच वाचून झोप येईल का? सकाळी डॉक्टरांनी उरलेली गोष्ट सांगितली. २०१४ मध्ये अमेरिकेत ७५० बायकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लेट्रोझोल घेणाऱ्यांपैकी २७.५ टक्के जणींना बाळ झालं, जुन्या क्लोमिफेनवर १९.१ टक्के. बाळांमध्ये व्यंगांच्या प्रमाणात दोन्हीकडे लक्षणीय फरक आढळला नाही. आज बीज बाहेर पडण्यासाठी पीसीओएसमध्ये पहिली पसंती हिलाच आहे. अर्थात डॉक्टरांच्या देखरेखीखाली. मैत्रिणीच्या प्रिस्क्रिप्शनवर नाही, प्लीज!

२७.५ म्हणजे शंभरातल्या सत्तावीस-अठ्ठावीस. उरलेल्या बहात्तर जणी मला दिसत नाहीत असं नाही. रिजेक्शनचे टक्के रोज काढणाऱ्या मुलीला त्या दिसणारच.

खाण्यापिण्याचं म्हणाल, तर कुठलाही चमत्कारी डाएट नाही. पीसीओएससाठी अमुकच आहार भारी, असा पुरावाच नाही म्हणे. दिवसाचे सहा गोड चहा दोनवर आणले, रात्रीचा भात कमी करून भाकरी आणि कडधान्य वाढवलं, आठवड्याला १५० मिनिटं रंकाळ्याला भरभर चालते. पांढरा रस्सा बंद केलेला नाही. कोल्हापूर सोडायचं नाहीये मला!

गोळ्यांनंतर दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी. ११ मिलिमीटर, १४, १८... फॉलिकल केवढं झालं ते बघायला सकाळी आठला क्लिनिक, मग तावडे हॉटेलच्या ट्रॅफिकमधून पंचगंगेचा पूल ओलांडत दहाला शिरोली. सारख्या हाफ डेंची कारणं संपली, तेव्हा साहेबांना सरळ सांगून टाकलं, ट्रीटमेंट चालू आहे. ते खाली बघत म्हणाले, “घे, पण रिपोर्ट संध्याकाळी पूर्ण करून जा.” एवढंच तर हवं होतं.

सासूबाईंना सांगायचं मात्र धाडस होत नव्हतं. एका डोहाळजेवणात ओटी भरायला एकेकीला बोलवत होते. माझा नंबर आला आणि ताट माझ्यासमोरून पुढच्या बाईकडे गेलं. कुणी काही बोललं नाही. मी मोबाइल बघायचं नाटक केलं. तेवढ्यात मागून सासूबाईंचा खणखणीत आवाज, “आगं, माझी सून राहिली की! तिला बी भरू दे.” आणि ताट परत आलं. घरी येताना रिक्षात त्या एवढंच म्हणाल्या, “गोळ्या येळेवर घेतीस न्हवं?” म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. फ्रिजवर ठेवलेलं पाकीट त्यांनी केव्हाच बघितलं होतं.

पहिल्या सायकलला फॉलिकल वाढलंच नाही. दुसरीला फुटलं, पण एकच रेघ. ही तिसरी. या वेळी अठराव्या दिवशी फुटलं. आज सव्विसावा दिवस. किट पर्समध्ये आहे आणि चौतिसाव्या दिवसाआधी उघडायचं नाही अशी डॉक्टरांची ताकीद आहे. पर्स कालपासून नवऱ्याने स्वतःच्या कपाटात ठेवलीय, मी डबा पिशवीतून नेतेय.

आमच्या शॉपवर तीन रंगांचे टॅग असतात. हिरवा म्हणजे ओके. लाल म्हणजे रिजेक्ट. आणि पिवळा म्हणजे होल्ड, तपासणी चालू आहे, निकाल लागलेला नाही. दोन वर्षं मी उगाचच स्वतःला लाल टॅग लावून फिरत होते. कदाचित उद्याही एकच रेघ येईल, चौथी सायकल येईल, कदाचित गोळीऐवजी इंजेक्शनं येतील. रडायला येईलच. पण टॅग मी बदललाय.

कँटीनच्या मावशींनी आज पुन्हा विचारलं, “काय गं, गुड न्यूज कवा?”

म्हटलं, “इन प्रोसेस आहे, मावशी. आणि चहा बिनसाखरेचा द्या.”