हवापालट

अक्काच्या खाटेशेजारी खिडकी होती, पण खिडकीत भिंत होती. शेजारच्या इमारतीची, हात लांब केला तर लागेल इतकी जवळ. तिच्यावरून उतरणारे सांडपाण्याचे पाइप आणि थेंब थेंब गळणारी एसीची खोकी. पित्ताशयाचं ऑपरेशन नीट झालं होतं, पण एक खडा नळीत सरकला आणि मुक्काम आठ दिवसांवर गेला. चौथ्या दिवशी अक्का म्हणाली, "पडदा ओढून घे गं. त्या भिंतीकडे बघून जास्तच दुखतं."

दिवसातून तीनदा चालायला सांगितलं होतं. दहा पावलांत तिला धाप लागायची. पण कॉरिडॉरच्या पार टोकाला, जिन्यापाशी, आणखी एक खिडकी होती आणि तिच्या गजांना टेकलेला शिरीष. चैत्राची पालवी, पिवळट हिरव्या फुलांचे झुपके आणि गेल्या वर्षीच्या वाळक्या शेंगा, सगळं एकाच वेळी अंगावर. वारा आला की शेंगा खुळखुळायच्या. पहिल्यांदा ते झाड दिसलं त्या संध्याकाळपासून अक्का चालायला जाऊ म्हणायची नाही. "झाडापर्यंत जाऊ," म्हणायची. आणि जायची.

पित्ताशय आणि खिडकी यांचं नातं एकानं फार पूर्वी मांडून ठेवलं आहे. रॉजर उलरिच या अमेरिकी संशोधकानं पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयाची १९७२ ते १९८१ या काळातली कागदपत्रं काढली आणि पित्ताशय काढलेल्या रुग्णांच्या तेवीस जोड्या लावल्या. वय सारखं, प्रकृती सारखी, खोल्याही सारख्या. फरक एवढाच, की एकाच्या खिडकीत झाडं होती आणि दुसऱ्याच्या खिडकीत तपकिरी विटांची भिंत. झाडंवाले सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले, आणि मधल्या दिवसांत त्यांना वेदनेची जहाल औषधं कमी लागली. १९८४ साली 'सायन्स'मध्ये हे छापून आलं. मला त्यातल्या दोन गोष्टी फार आवडतात. एक म्हणजे, त्यानं फक्त मे ते ऑक्टोबर या महिन्यांतले रुग्ण धरले, कारण एरवी त्या झाडांवर पानंच नसतात. आणि दुसरी, त्यानं परिचारिकांनी लिहून ठेवलेल्या नोंदी वाचल्या. रुग्ण रडतो आहे, धीर द्यावा लागतो आहे, अशा नोंदी भिंतवाल्यांच्या कागदांवर कितीतरी जास्त होत्या. रात्रपाळीत कुणीतरी घाईघाईनं खरडलेली ओळ इतक्या वर्षांनी कुणीतरी पुरावा म्हणून वाचतो, याचं मला भारी अप्रूप वाटतं.

निघायच्या आदल्या दिवशी पलीकडच्या खाटेवरच्या आजींना त्यांचे म्हातारे डॉक्टर म्हणाले, "घरी गेलात की जरा हवापालट करा." मी दचकून वर पाहिलं. किती वर्षांनी कानावर पडला हा शब्द! आमच्या लहानपणी तो औषधांच्या यादीतच असायचा. मराठी माणूस हवा खायला जातो, खरोखर 'खायला'. ज्यांना क्षय असे, ते पाचगणीला जात, नाहीतर मिरजेजवळच्या वानलेसवाडीला. पाचगणीत डॉ. बिलिमोरियांचं सॅनेटोरियम १९१२ पासूनचं. आणि ज्यांना तेवढा मोठा आजार नसे आणि तेवढे पैसेही नसत, ते मावशीकडे जात.

मी नऊ वर्षांची असताना विषमज्वरातून उठले. औषधानं ताप उतरला होता, पण अन्न पाहिलं की तोंड फिरवायची आणि जिन्याच्या पायरीवर बसून राहायची. ताप गेलाय, पण पोरीला बरं वाटत नाहीये, असं आई ज्याला त्याला सांगे. मग आमच्या डॉक्टरांनी तो शब्द उच्चारला आणि माघ संपता संपता वडिलांनी मला एस.टी.नं आंबा घाट उतरवून लांज्याजवळ मावशीच्या दारात नेऊन सोडलं. "हाडांचा सापळा झालायस गं," मावशी म्हणाली, आणि मऊभातावर मेतकूट, तूप घालून माझ्यासमोर ठेवलं. मी चार घास खाल्ले. तिनं आग्रह केला नाही.

घरामागे उतारावर पोफळीची बाग होती. दुपार कलली की काका रहाट धरायचे आणि शिपणं सुरू व्हायचं. रहाटाचं ते लांब कण्हणं, लोट्यांमधून पन्हळीत पडणारं पाणी, मग पाटातून त्याची ती सरसर. तिसऱ्या दिवशी काकांनी माझ्या हातात एक लहान खोरं दिलं. काम एवढंच, की एक आळं भरलं की त्याचं तोंड मातीनं लिंपायचं आणि पुढच्याचं उघडायचं. उघडलं की पाणी आधी थबकायचं. मग एक तपकिरी जीभ आत शिरायची, तिच्या टोकाला फेस, फेसावर वाळकं पान, पानावर घाबरलेल्या मुंग्या. कोरडं आळं पहिलं पाणी पिताना बारीक चुरचुर आवाज करतं, तो ऐकायला मी कान मातीपर्यंत न्यायची. आणि त्याच क्षणी तो वास यायचा. पहिल्या पावसाचाच, पण इथे तो रोज संध्याकाळी येत होता, प्रत्येक आळ्यातून वेगळा. केळीपाशी गोडसर, विहिरीजवळ जरा शेवाळी, आणि बांधालगतच्या सुरंगीखाली फुलांचा घमघमाट त्यात मिसळून गेलेला. सुरंगीच्या वासापुढे मोगरासुद्धा मला आजतागायत फिका वाटतो.

गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन मी परसदारी यायची तेव्हा अंधार झालेला असायचा. आठव्या का नवव्या रात्री मी ताट पुढे करून म्हटलं, "मावशी, अजून भात वाढ." मावशी काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं आईला पोस्टकार्ड टाकलं. ते आईनं पुढे पत्र्याच्या डब्यात जपून ठेवलं. अख्ख्या कार्डावर एकच ओळ होती: पोरगी काल मागून जेवली.

हवापालटानं रोग जातो, असं मात्र मी म्हणणार नाही. मद्रासला १९५६ पासून क्षयरोग्यांचे दोन गट करून पाहिले होते. एक गट सॅनेटोरियमच्या मोकळ्या हवेत, विश्रांती आणि चांगलं अन्न घेत. दुसरा शहरातल्या आपापल्या दाटीवाटीच्या घरांत, अपुऱ्या जेवणावर. गोळ्या दोघांनाही त्याच. वर्षअखेर दोन्ही गट जवळपास सारखेच बरे झाले. १९५९ साली हे प्रसिद्ध झालं आणि पुढे जगभर क्षयावरचे उपचार घरी गेले. गरिबांसाठी ही केवढी मोठी सुटका होती! वर्षभर घरदार सोडून डोंगरावर जाऊन राहणं कुणाला परवडणार होतं? आपल्या भाषेत बरं होणं आणि बरं वाटणं असे दोन वेगळे शब्द आहेत, आणि मद्रासनं मोजलं ते बरं होणं. आई जिन्यापाशी उभी राहून सांगायची ते दुसरं.

पण औषधं तरी कुठून आली? क्षयावरचं पहिलं खरं प्रतिजैविक, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ साली न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठात वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ या तरुणाच्या हाती लागलं, ते शेतातल्या मातीत राहणाऱ्या एका जिवाणूकडून. स्ट्रेप्टोमायसिस हे त्याचं कुळ. ओल्या मातीला वास येतो तो मुख्यतः याच कुळाच्या जिऑस्मिन नावाच्या द्रव्यामुळे, आणि त्या द्रव्याला ते नाव १९६५ साली मिळालं तेही रटगर्समध्येच. माणसाच्या नाकाला त्याचा अब्जावधींतला एखादा अंशही पुरतो. कनोजचे अत्तारी हे सगळं ठाऊक नसतानाच भाजलेली माती उकळून तिचा वास चंदनाच्या तेलात उतरवत आले आहेत. मी एकदा ती कुपी आणली होती. अत्तर छान होतं, पण पोफळीच्या आळ्याची सर त्याला नव्हती.

इंग्लंडमधल्या जवळजवळ वीस हजार लोकांच्या पाहणीतून २०१९ साली असं दिसलं, की आठवड्याला निदान १२० मिनिटं झाडापाण्यात घालवणारी माणसं आपली प्रकृती आणि मन चांगलं असल्याचं जास्त प्रमाणात सांगतात. ती मिनिटं एकदम घ्या की थोडी थोडी, फरक पडत नाही. या शेवटच्या वाक्यानं मला फार धीर दिला. अक्काला आता आंबा घाट उतरवणार नाही. मावशी नाही, रहाटाच्या जागी कधीच पंप आला आहे.

घरी आलो तेव्हा गॅलरीतल्या कुंड्या आठ दिवसांच्या तहानलेल्या होत्या. तुळशीची माती कडेनं सुटून भेगाळली होती. अक्कानं पिशव्यासुद्धा उघडू दिल्या नाहीत. स्टूल मागवलं, पोटाला हात धरून बसली, आणि तांब्यातलं पाणी अगदी बारीक धारेनं सोडलं. माती चुरचुरली. अक्का थोडी पुढे वाकली, डोळे मिटले.

"अजून एक तांब्या आण," ती म्हणाली.