बांधावरचा कडुलिंब



तुमच्यापैकी अनेकांचे शिक्षण मध्येच कधीतरी थांबले असेल. माझेही थांबले होते. ते वर्ष आठवले की आमची मोसंबीची बाग आणि बांधावरचा कडुलिंब डोळ्यांपुढे उभे राहतात.

आमचे शेत गेवराई तालुक्यात आहे. तालुक्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते; तरीही २०१२-१३ च्या दुष्काळात तिच्या पात्रात वाळूच दिसत होती आणि पैठणचे जायकवाडी धरण तळाला गेले होते. आमची विहीर आटली. वडिलांनी टँकरचे पाणी विकत आणून बागेला घातले. पाने आधी वळली, मग गळली. अखेरीस वडिलांनीच कुऱ्हाड हाती घेतली आणि बाग सरपण म्हणून विकली गेली. बांधावरचा कडुलिंब मात्र चैत्रात नव्या पालवीने भरून आला. त्याला कोणी तांब्याभर पाणीही घातले नव्हते. मला त्या झाडाचा रागच आला.

पुढे वाचनातून त्याचे कारण उलगडले. पाणी वर चढवणारा पंप झाडाजवळ नसतो. पानांवरील सूक्ष्म पर्णरंध्रांतून पाण्याची वाफ होते आणि तिच्या ओढीने मुळांपासून शेंड्यापर्यंतचा पाण्याचा अखंड धागा वर सरकतो. जमीन कोरडी पडली की हा धागा ताणला जातो. ताण फार वाढला तर त्यात हवेचा बुडबुडा शिरतो आणि धागा तुटतो. म्हणून झाड पर्णरंध्रे मिटून घेते. परंतु अन्न तयार करण्यासाठी लागणारा कार्बन डायऑक्साइडही त्याच दारातून आत येतो. दार उघडे ठेवावे तर तहान, मिटावे तर उपासमार! ठिबकच्या नळीखाली, मातीच्या वरच्या थरात पसरलेल्या मोसंबीच्या मुळांना हा पेच सुटला नाही. कडुलिंबाची मुळे खोलवरच्या ओलीपर्यंत पोहोचली होती.

असा पेच केवळ आपल्या अवर्षणग्रस्त भागातच पडतो असे नाही. हिमालयातील देवदाराच्या पायाशी हिवाळ्यात बर्फ असतो, पण गोठलेले पाणी मुळांना शोषता येत नाही. अशा वेळी त्याची मेणाचा थर असलेली सुईसारखी पाने आतले पाणी जपतात. खोडातील बारीक नलिकांच्या भिंतींत जणू झडपा असतात; एका नलिकेत हवा शिरली की झडप मिटते आणि शेजारची नलिका वाचते. अशा सूचिपर्णी वृक्षांच्या खोडात कोरड्या वर्षाचे वलय अरुंद उमटते. त्या वर्षी वाढ थोडी होते, एवढेच.

बाग तुटली त्या वर्षी मी महाविद्यालय सोडले आणि आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेलो. पुढे काही वर्षे पुस्तक हाती आले नाही. ती वर्षे वाया गेली असे मी दीर्घकाळ मानत होतो. आता रात्री अभ्यासाला बसताना त्यांच्याकडे अरुंद वलये म्हणून पाहतो.

वडिलांनी मोसंबी पुन्हा लावली नाही. तेथे आज सीताफळ आहे. उन्हाळ्यात ते पाने टाकून उघडे उभे राहते आणि येणारा-जाणारा त्याला वाळलेले समजतो. वडील म्हणतात, नखाने साल खरवडून पाहिल्याशिवाय झाड मेले असे म्हणू नये.