उंबऱ्याबाहेरचा

आपल्यात माणूस गेला की दुःखाची वाट ठरलेली असते. गुस्ल, कफन, जनाज्याची नमाज, मूठ मूठ माती. घरात चूल पेटत नाही, शेजारपाजारचे डबे येतात. पुढे जियारत, कुठे चाळीसावा. या रिवाजांबद्दल मौलवींमध्ये मतभेद असतील. पण त्या दिवसांत रडणाऱ्याला ‘का रडता’ असे कुणी विचारत नाही. घरातला कुत्रा गेला तर मात्र हाच प्रश्न आधी येतो. मुसलमानाच्या घरी तर त्याच्या पाठोपाठ दुसराही येतो : मुळात पाळलाच कशाला?

आमचा मोती २०२४च्या पावसाळ्यात गेला. तेरा वर्षे तो आमच्याकडे होता. औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, बेगमपुऱ्यात आमचे जुने घर आहे. गच्चीवरून मकबऱ्याचे मिनार दिसतात. २०११ साली गल्लीत चोऱ्या वाढल्या म्हणून अब्बांनी राखणीसाठी त्याला आणले. अम्मीने पहिल्याच दिवशी हद्द आखून दिली. अंगण त्याचे, उंबऱ्याच्या आत आमचे. त्याची जर्मनची थाळी वेगळी, पाण्याचे भांडे वेगळे. नमाजेचे कपडे घातले की ती त्याला हातभर लांब ठेवी. पण रात्री भाकरीचे पीठ घेताना त्याची भाकरी धरूनच घेई.

कुत्रा नापाक, एवढेच आपण लहानपणापासून ऐकतो. फिक्हमध्ये गोष्ट इतकी सरळ नाही. इमाम मालिक यांच्या मते जिवंत कुत्रा पाक आहे. शाफई मतात तो संपूर्ण नापाक. कोकणातले आपले बरेचसे बांधव शाफई आहेत. मराठवाड्यात आपण बहुतेक हनफी, आणि हनफी मतात अडचण मुख्यतः त्याच्या लाळेची. शिकारीचा, गुराढोरांचा, शेताच्या राखणीचा कुत्रा पाळायला हदीसमध्येच सूट आहे. शिकवलेल्या कुत्र्याने धरलेली शिकार सूरह माइदामध्ये हलाल ठरवली आहे. कुत्रा असलेल्या घरात फरिश्ते येत नाहीत, ही हदीस अम्मीला ठाऊक होती. म्हणूनच तो उंबरा होता. पण तिला बुखारीतली दुसरीही हदीस ठाऊक होती. तहानेने ओली माती चाटणारा कुत्रा पाहून एक माणूस विहिरीत उतरला, चामडी मोज्यात पाणी भरून त्याने ते त्याला पाजले आणि अल्लाहने त्याचे गुनाह माफ केले. नियम आहे तो भांड्याचा, कपड्याचा, जागेचा. मायेला बंदी त्यात नाही.

अब्बा फजरच्या नमाजेला निघाले की मोती मशिदीच्या कोपऱ्यापर्यंत जाई आणि कडुनिंबाखाली बसून राही. अब्बा परतले की दोघे बरोबर घरी येत. २०२१च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत अब्बा गेले. दवाखान्यातून थेट कबरस्तान. जनाज्याला मोजकी माणसे. पुरसा द्यायला कुणी येऊ शकले नाही, डबाही आला नाही. माणसाच्या दुःखाचीही ठरलेली वाट त्या वर्षी बंद होती. अम्मी इद्दतीत बसली. त्या चार महिने दहा दिवसांत तिच्याजवळ बसायला बहुतेक वेळ मोतीच होता. ती उंबऱ्याच्या आत, तो बाहेर. ती त्याच्याशी बोलायची, तो कान हलवायचा. अजान झाली की मात्र उठून तो कोपऱ्यापर्यंत जाई, आणि नमाजी पांगले की एकटाच परत येई.

२०२४मध्ये त्याने खाणे सोडले. डॉक्टरांनी सांगितले, मूत्रपिंडे निकामी झाली आहेत, वयही झाले आहे. पाचव्या दिवशी पहाटे तो उंबऱ्याला पाठ लावून पडला होता, तो उठलाच नाही. मेलेली जनावरे नेणारी महापालिकेची गाडी येते. भावाने फोन लावला, अम्मीने तो बंद करायला लावला. आम्ही मोतीला जुन्या चादरीत गुंडाळून दौलताबादजवळ मामूंच्या शेतात नेले. सीताफळाच्या झाडांमध्ये सालगड्याने खड्डा खणला, मीठ टाकले. मग त्याने विचारले, “तुमच्यात काय म्हणत्यात आता? आमच्या खंडोबासंगं तर कुत्रं असतंच.” त्याचे खरे होते. रायगडावरही महाराजांच्या समाधीजवळ वाघ्याचे स्मारक १९३६ पासून आहे. त्याला इतिहासाचा आधार किती, यावरून २०२५मध्ये पुन्हा वाद झाला. पण कुत्र्याच्या इमानाला जागा द्यावी असे लोकांना वाटले होते, एवढे त्यातून उरतेच. आम्ही भावंडे एकमेकांकडे पाहत राहिलो. शेवटी भावाने ‘इन्ना लिल्लाह’ म्हटले. ते काही फक्त माणसाच्या मौतीसाठी नाही, प्रत्येक मुसीबतीसाठी आहे.

गल्लीत कुणी म्हणाले, “कुत्ता ही तो था.” अम्मीने उत्तर दिले नाही. समोरच्या खालाने मोतीला तेरा वर्षे फक्त दगड दाखवला होता. संध्याकाळी तिने खिचडीचा डबा पाठवला. कशासाठी, ते ती बोलली नाही. अम्मीनेही विचारले नाही. अब्बांच्या वेळी न आलेला डबा असा आला, आणि अम्मी तो समोर ठेवून पहिल्यांदा मोठ्याने रडली. ती कुणासाठी रडत होती, हे आम्हीही विचारले नाही.

अम्मी दर जुम्म्याला सूरह कहफ वाचते. गुहेत झोपलेल्या त्या जवानांबरोबर एक कुत्रा होता. कितमीर हे त्याचे नाव तफ्सीरवाल्यांनी सांगितलेले. कुरआनात नाव नाही, पण त्याची जागा सांगितली आहे. पुढचे पाय पसरून तो उंबऱ्यावर बसलेला होता. अम्मीच्या उर्दू तर्जुम्यात ‘चौखट’ असा शब्द आहे. पुढे, ते किती जण होते यावर लोकांचे तर्क येतात. तीन म्हणणारे चौथा कुत्रा मोजतात, पाच म्हणणारे सहावा, सात म्हणणारे आठवा. खरी संख्या अल्लाह जाणतो. पण कुत्रा मोजायला कुणीच विसरलेले नाही. त्या जुम्म्याला अम्मी तिथे थांबली आणि म्हणाली, “देखो, गिनती में है.”

मोतीच्या नावाने तिने काही केले नाही; तसे करायचे नसते, हे तिला माहीत आहे. त्याचे पाण्याचे भांडे मात्र घासून तिने गल्लीत दाराबाहेर ठेवले. “इसका सवाब तुम्हारे अब्बा को,” एवढेच म्हणाली. गल्लीतली कुत्री आता तिथे पाणी पितात. त्यांतले एकही मोतीसारखे नाही, असे ती रोज म्हणते आणि रोज भांडे भरते.