सेनगावची विहीर आणि नांदेडचा तलाव

सेनगाव हे हिंगोली जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा झाला. त्याच्या पाच तालुक्यांपैकी हा एक. हिंगोलीहून एसटीने नर्सी नामदेववरून निघाले की सेनगाव लागते. तेथून एक रस्ता रिसोडकडे, म्हणजे विदर्भात जातो आणि दुसरा येलदरीवरून जिंतूरला. सोयाबीन, तूर, कापूस आणि हळद ही इथली पिके. कयाधू नदी तालुक्यातून वाहते, पण ती पावसाळ्याची पाहुणी. उन्हाळ्यात तिच्या पात्रात गुरे चालत जातात. पूर्णा नदीवरचे येलदरी धरण १९६८ साली पूर्ण झाले. ते जिंतूर तालुक्यात असले तरी आमच्या तालुक्याला अगदी लागून आहे. म्हणजे पाणी पाहायचे तर दूर जावे लागत नाही. पोहण्याच्या शर्यतीसाठी मात्र फार दूर जावे लागते.

अशा गावातून पोहण्याच्या स्पर्धेला मुलगी पाठवणारे आईबाप म्हणून आम्हास जे दिसले आणि कळले, ते समाजातील इतर आईबापांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

विहिरीवरची शाळा

आमच्याकडे पोहण्याला ‘पवणं’ म्हणतात. त्याची शाळा भरते उन्हाळ्याच्या सुटीत, कुणाच्या तरी मळ्यातल्या विहिरीवर. नव्या पोराच्या कमरेला दोर बांधायचा, पाठीवर वाळलेला भोपळा नाहीतर तोंड बंद केलेला रिकामा डबा बांधायचा आणि द्यायचे ढकलून. दोराचे दुसरे टोक पायरीवर उभ्या असलेल्या थोरल्या माणसाच्या हातात. हल्ली भोपळ्याची जागा ट्रॅक्टरच्या ट्यूबने घेतली आहे. चार दिवस गटांगळ्या खाल्ल्या की पोरगे पाण्यावर राहू लागते, आठव्या दिवशी काठावरून मुटका मारते आणि महिन्याभरात सूर मारायला शिकते. या शाळेला फी नाही आणि मास्तरही नाही. मात्र या शाळेत मुलींना प्रवेश नव्हता.

२०१८ च्या उन्हाळ्यात आमची मुलगी आठ वर्षांची होती. तिच्या आजोबांनी तिला विहिरीवर नेले. वाटेत बायका म्हणाल्या, “पोरीच्या जातीला पवणं कशाला शिकवता हो बाबा?” आजोबा म्हणाले, “पाणी काय पोरगा-पोरगी बघून बुडवतं का, माय?” त्यावर कुणी काही बोलले नाही.

हेच आजोबा सांगतात की, त्यांच्या लहानपणी गावातल्या विहिरीला हात लावायची सोय नव्हती. घागर लांब ठेवून कुणी वरून पाणी ओतील याची वाट पाहत बसावे लागे. मुंबई विधिमंडळात ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असे ठरले. त्यानंतरही महाडच्या चवदार तळ्याचे पाणी घेण्यासाठी बाबासाहेबांना २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह करावा लागला. तो मुंबई इलाखा होता. आमचा मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे आमच्या आजोबांच्या घागरीपर्यंत कायदा पोचला तो संविधानानेच. संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांची नावे घेऊन लिहिले आहे की, शासनाच्या पैशातून चालणाऱ्या अशा जागी धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून कुणालाही अडवता येणार नाही. नगरपालिकेचा पोहण्याचा तलाव याच ओळीत बसतो, हे आम्ही मुलीला शिकवले. ते कसे उपयोगी पडले, ते पुढे सांगतो.

सेनगाव ते नांदेड

विहिरीत ती मुलांच्या पुढे जाऊ लागली, तेव्हा शाळेतल्या गुरुजींनी सांगितले की तिला मोठ्या तलावात उतरवा. गावात तलाव नाही. नांदेडला आमची बहीण राहते, म्हणून २०१९ च्या उन्हाळ्यात मुलीला आत्याकडे ठेवायचे ठरले.

हा रस्ता आता आम्हास तोंडपाठ झाला आहे. पहाटेच्या गाडीने सेनगावहून हिंगोली. तिथून रेल्वेने जाता येते. अकोला-पूर्णा मार्ग २००८ साली मोठ्या रुळांचा झाला, पण वेळ जुळली तरच त्याचा उपयोग. नाहीतर एसटीने कळमनुरी, आखाडा बाळापूर, वारंगा फाटा आणि अर्धापूर करत नांदेड. मार्च महिन्यात या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शिजवलेली हळद वाळत घातलेली असते आणि खिडकीतून तिचा वास आत येतो. अर्धापूर आले की केळीच्या बागा लागतात. मुलीची आई डब्यात भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि चार उकडलेली अंडी बांधून देते. त्यातली दोन अंडी कळमनुरीच्या आतच संपतात. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट झाले, तेव्हापासून मुलीबरोबर तिची आईच जाते. क्लार्कच्या पगारात महिन्याला तीन-चार फेऱ्या म्हणजे काय, हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

विहिरीतले पोहणे आणि तलावातले पोहणे यांत फार फरक असतो. विहिरीत पोरगे डोके वर ठेवून पोहते, कारण वरून कुणी उडी मारील याकडे लक्ष ठेवावे लागते. शर्यतीत डोके पाण्यात हवे. श्वास पाण्यात सोडायचा आणि तोंड बाजूला वळवून घ्यायचा. विहिरीत दहा हात मारले की काठ येतो. शर्यतीचा मोठा तलाव पन्नास मीटर लांब असतो. भिंतीजवळ आले की कोलांटी घेऊन पायाने भिंतीला रेटा द्यायचा, नाहीतर तिथेच दोन सेकंद जातात. प्रशिक्षकांनी पहिले पंधरा दिवस मुलीला नुसते काठ धरून पाय मारायला लावले. ती आत्याला म्हणाली, “मला पवता येतं, हे लोक मला येत नसल्यागत शिकवतात.” विहिरीत शिकलेल्या मुलांना हा कमीपणा वाटतो आणि पुष्कळ मुले इथेच सोडून देतात. आईबापांनी या पंधरा दिवसांत मुलाच्या पाठीशी उभे राहावे.

मुलगी पाण्यात आणि आईबाप कठड्यावर, असे तास आम्ही पुष्कळ काढले. क्लोरीनने तिचे डोळे लाल होतात, केस झाडूसारखे होतात, आणि बाहेर आली की तिला अशी भूक लागते की समोर ठेवाल ते कमीच. पोहण्याच्या पोशाखावरून भावकीत कुजबुज झाली. मुलीच्या आईने एवढेच विचारले, “साडी नेसून शर्यत जिंकलेली कुणी दाखवा.” विषय तिथेच थांबला.

एका गावच्या तलावावर नाव नोंदवताना तिथल्या माणसाने आडनाव विचारले, गाव विचारले आणि हसून म्हणाला, “तुमच्याकडं कधीपासून पोहायला लागले?” आम्ही उत्तर देण्याआधी मुलगीच म्हणाली, “काका, तलाव नगरपालिकेचा आहे ना? मग पावती द्या.” त्याने पावती दिली.

बंद तलाव आणि उघडी विहीर

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे सगळे तलाव बंद झाले. पुढची दोन वर्षे ते कधी उघडले, कधी मिटले. याच काळात अभिनेते आर. माधवन हे आपल्या मुलाला, वेदांतला, घेऊन दुबईला राहायला गेल्याची बातमी २०२१ च्या अखेरीस आली. मुंबईतले मोठे तलाव बंद होते आणि मुलाचा सराव बुडत होता. त्या बापाला आम्ही नावे ठेवत नाही. कोणताही बाप आपल्या ऐपतीइतके करतो. आमची ऐपत सेनगावच्या विहिरीइतकी होती. मळ्याच्या मालकाने सकाळी मोटार सुरू करण्याआधीचा एक तास मुलीला दिला. विहिरीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत आणि परत, असे ती मोजून शंभर वेळा करी. आजोबा पायरीवर बसून एकेका फेरीला एकेक खडा बाजूला ठेवीत.

शर्यत

शालेय क्रीडा स्पर्धांत चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील असे गट असतात. जिल्ह्यातून विभागात, विभागातून राज्यात असा रस्ता आहे. आमच्या जिल्ह्यातून पोहणाऱ्या मुली मोजक्याच, त्यामुळे विभागापर्यंत जाणे सोपे झाले. खरी परीक्षा तिथे होती. मोठ्या शहरांतल्या मुलींनी वर्षभर दोन्ही वेळ सराव केलेला असतो.

आईबापांना माहीत असाव्यात अशा काही गोष्टी इथे सांगतो. आठ रांगांच्या तलावात ज्याची वेळ सर्वांत चांगली त्याला मधली चौथी रांग मिळते, मग पाचवी, तिसरी असे करत कडेच्या रांगा शेवटी. आपल्या मुलाला कडेची रांग मिळाली म्हणजे कुणी डावलले असे नव्हे. आधीची नोंदलेली वेळ नसेल तर असेच होते. इशाऱ्याआधी उडी गेली तर स्पर्धक बाद, दुसरी संधी नाही. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये भिंतीला दोन्ही हात एकदम लागले पाहिजेत, एक हात लागला तर पोहलेले सगळे वाया. जन्माचा दाखला, शाळेचे बोनाफाईड आणि आधार यांवरची नावे अक्षरनअक्षर सारखी करून ठेवा. आम्ही कागदांतच नोकरी करतो, म्हणून हे आग्रहाने सांगतो. मुले पाण्यात हरण्याआधी टेबलावर हरताना आम्ही पाहिली आहेत.

२०२२ साली विभागीय स्पर्धेत आमची मुलगी पन्नास मीटर ब्रेस्टस्ट्रोकमध्ये शेवटून दुसरी आली. वेळ ५२ सेकंद. पुढच्या वर्षी ४६ सेकंद, आणि तरीही पाचवी. कठड्यावरचे एक गृहस्थ म्हणाले, “एवढ्या लांबून आलात, पदक नाही मिळालं.” मुलीने घड्याळाची वेळ वहीत लिहून घेतली आणि केस पुसायला गेली. सहा सेकंद म्हणजे किती, हे त्या गृहस्थांना ठाऊक नव्हते. आम्हासही दोन वर्षांपूर्वी ठाऊक नव्हते.

पुढे काय?

यंदा ती दहावीला आहे. घरात रोज हाच वाद. पोहणे ठेवायचे की सोडायचे? महाराष्ट्र शासनाने २००५ साली खेळाडूंना सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण दिले. दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुणही मिळतात. पण नोकरीतल्या आरक्षणाला वरच्या पातळीवरचे यश लागते आणि तिथवर पोचणारी मुले थोडी. त्या आशेवर अभ्यास सोडावा असे आम्ही कुणालाही सांगणार नाही. शिक्षणाला पर्याय नाही.

तरीही दाखले आहेत. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आले. वेळ ३७.३३ सेकंद. त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ साली. करमाळ्याकडील सुयश जाधव यांचे दोन्ही हात लहानपणी विजेच्या धक्क्याने गेले. त्यांनी २०१८ च्या आशियाई पॅरा स्पर्धेत सुवर्ण जिंकले. कोल्हापूरचे वीरधवल खाडे २००८ साली, वयाच्या सतराव्या वर्षाच्या आतबाहेर, बीजिंग ऑलिंपिकला गेले, २०१० च्या आशियाई स्पर्धेत त्यांनी कांस्यपदक मिळवले, आणि पुढे ते तहसीलदार झाले.

आम्ही निर्णय मुलीवर सोपवला. ती म्हणाली, “परीक्षेपर्यंत नांदेड बंद, विहीर चालू. परीक्षा झाली की नांदेड.” तिच्या आईने त्या दिवसापासून अभ्यासाचे वेळापत्रक भिंतीवर लावले आहे.

शेवटी एक गोष्ट, जी शर्यतीपेक्षा मोठी आहे. गेल्या काही वर्षांत आपल्या भागात शेततळी पुष्कळ झाली. २०१६ पासून शासनाची ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली. या तळ्यांत प्लास्टिकचा कागद असतो. तो शेवाळाने निसरडा होतो, हाताला काही धरायला सापडत नाही, आणि पाय घसरून पडलेला माणूस काठाशी असूनही वर येऊ शकत नाही. एकाला वाचवायला दुसरा उतरतो आणि दोघेही जातात. मजुरीला गेलेल्या आईबापांची मुले अशा तळ्यांच्या आसपास खेळत असतात. म्हणून स्पर्धेला जावो न जावो, प्रत्येक मुलाला, आणि मुलीला आधी, पोहता आले पाहिजे. तळ्याच्या मालकांना सांगून काठावर खुंटीला बांधलेला गाठींचा दोर आणि हवा भरलेली ट्यूब ठेवायला लावा. बुडणाऱ्याकडे उडी मारू नका, दोर फेका.

येत्या मे महिन्यात वस्तीतल्या मुलामुलींसाठी विहिरीवर सकाळचा वर्ग घ्यायचे आम्ही ठरवले आहे. मालकाची परवानगी मिळाली आहे. दोर नवा आणला आहे. शिकवायला आमची मुलगी आहे, आणि पायरीवर बसायला आजोबा आहेत. ज्या वस्तीजवळ खोल पायऱ्यांची विहीर आणि दोर धरणारी दोन जाणती माणसे असतील, त्यांनी आपल्या गावी असाच वर्ग सुरू करावा. त्याला देणगी लागत नाही.